एका स्पॅनिश वाक्यावर जोतिबा आणि आजरा

निघण्याआधी

जोतिबाला आणि आजऱ्याला मी इतक्या वेळा गेले आहे की त्याबद्दल कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. पण या वेळी बरोबर माझ्या विहीणबाई होत्या. त्या स्पेनमधल्या वॅलेन्सियाच्या. आम्हा दोघींना मिळून नीट बोलता येईल असं एकच वाक्य होतं. त्यामुळे नेहमीचा रस्ताही परक्या मुलुखातला वाटला.

आधी माणसं सांगते. माझी मुलगी सई वॅलेन्सियात नोकरी करते. तिथल्याच हावियेरशी तिचं लग्न ठरलं, आणि लग्न कोल्हापुरात करायचं हेही ठरलं. दोघांना रजा कमी, म्हणून ते लग्नाच्या जेमतेम आधी येणार होते. हावियेरची आई पिलारबाई मात्र त्यांच्याही आधी एकट्याच आल्या. ‘मला लग्नाआधी माणसं बघायची आहेत,’ असा त्यांचा निरोप होता. त्यांचे पती हयात नाहीत. माझेही नऊ वर्षांपूर्वी गेले.

मी एका दवाखान्याचं स्टोअर सांभाळते. काय संपत आलंय आणि काय मागवायचंय हे लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे लग्नाचं कार्यालय, आचारी, मानपान, पाहुण्यांची राहण्याची सोय हे सगळं आपोआप माझ्याकडं आलं आणि मी ते आनंदानं घेतलं. एकच काम माझ्याकडं नव्हतं. कन्यादानाला माझे धाकटे दीर आणि जाऊ रेखा बसणार होते. नवरा नसलेल्या बाईनं मांडवात पुढं व्हायचं नाही, ही रीत. आमच्या जिल्ह्यात कितीतरी गावांनी या रीतीविरुद्ध ग्रामसभेत ठराव केले आहेत. मी ते पेपरात वाचले होते आणि चांगलं झालं असं म्हटलंही होतं. पण आमच्या घरच्या बैठकीत दीर म्हणाले, “वहिनी, कन्यादानाची काळजी करू नका, आम्ही बसतोय की,” आणि मी ‘बरं’ म्हणाले. तेवढ्यावर विषय संपला आणि पुढं आचाऱ्याचा निघाला.

आता वाक्याबद्दल. लग्न ठरल्यावर मी फोनवरच्या एका क्लासात स्पॅनिश शिकायला लागले. क्लास इंग्रजीतून होता. पहिल्या आठवड्यात एक साधं रोजचं वाक्य दिलं: मे गुस्ता एल आर्रोथ. मला भात आवडतो. क्लासातल्या सगळ्या जणी तिथंच अडल्या. या वाक्यातला ‘मी’ कुठं गेला, म्हणून एक बाई शिकवणारीशी भांडायच्या बेताला आली. मी रात्रीचं जेवण आवरून सईला फोन केला. ती म्हणाली, “आई, मध्ये इंग्रजी आणूच नकोस. सरळ मराठीत बघ.”

बघितलं, आणि सगळं जागच्या जागी बसलं. मे म्हणजे मला. गुस्ता म्हणजे आवडतो. एल आर्रोथ म्हणजे भात. आपण तरी ‘मी भात आवडतो’ असं कुठं म्हणतो? वाक्यातलं काम भात करतो, आपण ‘मला’ होऊन बाजूला बसतो. आंबे आले की मराठीत ‘आवडतात’ होतं, तसं तिकडं ‘गुस्तान’ होतं: मे गुस्तान लोस मांगोस. नको असेल तर पुढं नुसता ‘नो’ लावायचा. समोरच्याला विचारायचं असेल तर ‘मे’ काढून ‘ते’ घालायचा: ते गुस्ता? तुला आवडतं? आदरानं विचारायचं तर ‘ले’. फरक एवढाच की तिथं प्रत्येक नामाच्या आधी ‘एल’ किंवा ‘ला’ लावतात, जसं आपल्याकडं नावामागं राव किंवा बाई येतं तसं, फक्त पुढून.

क्लासातल्या बाकीच्या जणींना हे कळायला महिना गेला. मला एक संध्याकाळ पुरली. त्याच्या पुढचं व्याकरण मात्र मलाही तेवढ्याच जोरात आपटलं, आणि पिलारबाई आल्या तेव्हा माझ्याकडं खात्रीचं असं हे एकच वाक्य आणि त्याचे भाऊबंद होते.

जोतिबा

लग्नाची पहिली पत्रिका कुलदैवताला ठेवायची, मग बाकीच्यांना वाटायची. म्हणून पहिला मुक्काम जोतिबा. गाडी गडमुडशिंगीच्या दत्ताभाऊंची. दत्ताभाऊ पन्नाशीचे, आमच्या घरच्या प्रत्येक कार्याला त्यांचीच गाडी असते, आणि गाडीत गप्प बसणं त्यांना जमत नाही.

पिलारबाई खाली आल्या त्या पांढराशुभ्र सदरा घालून.

“वहिनी,” दत्ताभाऊ म्हणाले, “पावण्यास्नी सांगा की. पांढरं घालून जोतिबाला कोण जातंय व्हय?”

मी ‘गुलाल’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते आठवत बसले. नाही आठवलं. सदरा तसाच गेला.

डोंगर चढताना पिलारबाई खिडकीतून बघत होत्या. खाली उसाचे हिरवे चौकोन, मध्येच तोड झालेली मोकळी रानं. वर पोचल्यावर सगळा रंग एकच. पायऱ्या गुलाबी, भिंती गुलाबी, दुकानदारांच्या भुवयासुद्धा गुलाबी. गुलाल, खोबऱ्याच्या वाट्या आणि दवणा घेतला. दवणा हुंगून पिलारबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या गावी डोंगरावर असाच काहीसा वास असतो, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. दुकानदारानं आम्हा दोघींच्या कपाळावर चिमटीनं गुलाल ओढला. जोतिबाच्या गुलालाला कुणाचा नवरा आहे, कुणाचा नाही हे विचारायची पद्धत नाही. तो सगळ्यांना लागतो.

पत्रिका देवापुढं ठेवली. पुजाऱ्यांनी नावं वाचली. ‘हावियेर’पाशी थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “देवाला समजंल. पुढं?” मागून कुणीतरी ‘चांगभलं’ म्हणत गुलालाची मूठ उधळली आणि पांढऱ्या सदऱ्याचा प्रश्न कायमचा मिटला. पिलारबाई आधी दचकल्या, मग मोठ्यानं हसल्या. घरी मी तो सदरा दोनदा धुतला, तो सगळीकडं सारखा गुलाबी झाला. त्यांनी तो तसाच बॅगेत भरला.

दुपारी ओळखीच्या गुरवांच्या घरी जेवलो. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी आणि शेवटी भात. पिलारबाई एक पोळी खाऊन थांबल्या. मला वाटलं पोट भरलं. त्या थांबल्या होत्या भातासाठी. त्यांच्याकडं रविवारी दुपारी सगळं घर एका पसरट कढईभोवती बसतं आणि त्यात भातच भात असतो. तोच पहिला आणि तोच शेवटचा. आधी गोड, मग आमटी, आणि भात सगळ्यांच्या मागून, हे त्यांना फार उलटं वाटलं. कढईतला भात शिजताना ढवळणं हा तिकडं अपराध आहे, हेही कळलं. आमच्याकडं मऊ भात घोटून वाढतात हे मी सांगितलं नाही.

मग त्यांनी मराठी शिकायला घेतली. “मला भात आवडतो,” पहिल्याच फटक्याला बरोबर. त्यांनाही ते वाक्य ओळखीचं वाटलं. “मला पोळी आवडतो,” इथं गाडी घसरली. स्पॅनिशमधला ‘गुस्ता’ पोळीला बिचकत नाही. आपल्या ‘आवडतो’ला पोळी स्त्रीलिंगी म्हणून बिचकावं लागतं.

“आवडते,” मी म्हणाले.

“आवडती,” दत्ताभाऊ पलीकडच्या पंगतीतून म्हणाले.

पिलारबाईंनी दोघांकडं बघितलं. “आवडते? आवडती?”

“माझं खरं,” दत्ताभाऊ म्हणाले. “वहिनींचं पुस्तकातलं हाय.”

उतरताना आम्ही दीपमाळेजवळच्या कट्ट्यावर बसलो. पिलारबाईंनी हातात हात अडकवून चालून दाखवलं. त्यांच्याकडं लग्नात नवऱ्या मुलाला त्याची आई हाताला धरून चर्चमध्ये घेऊन जाते. तिला मादरिना म्हणतात. तो तिचा मान. नवरा असो नसो, आई ती आई. हे सगळं त्यांनी हातानं आणि तुटक शब्दांनी सांगितलं, आणि मला ते सगळं समजलं, याचं मला थोडं आश्चर्य वाटलं.

मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. “इ तू?” आणि तू?

त्या पहिल्या दिवसापासून मला ‘तू’च म्हणत होत्या. विहिणीला अगंतुगं करायची माझी काही हिंमत होत नव्हती, मी ‘ले’ वापरत होते आणि त्या हसत होत्या.

“कोमिदा,” मी म्हणाले. जेवण. मी जेवणाकडं बघणार. मांडवाचे चार खांब हातानं दाखवून ‘नाही’ अशी मान हलवली आणि आचाऱ्याची कढई हातानं गोल दाखवली.

त्यांनी कढईचा तो गोल स्वतःच्या हातानं पुन्हा काढून बघितला. मग विचारलं, “ते गुस्ता?”

तुला आवडतं? प्रश्न सोपा होता. उत्तराला हो किंवा नाही एवढंच पुरलं असतं. मी म्हणाले, “मे गुस्ता एल आर्रोथ.” मला भात आवडतो.

तेवढ्यात दत्ताभाऊ बोलवायला आले म्हणून बरं झालं.

आजरा

दुसऱ्या दिवशी आजऱ्याला निघालो. तिथं माझी मावशी राहते. काम दोन प्रकारचं: तिला पत्रिका द्यायची आणि लग्नासाठी तिथला वासाचा घनसाळ तांदूळ आणायचा. नवा तांदूळ जेवणावळीला चालत नाही, शिजला की चिकट होतो. म्हणून मावशीनं गेल्या वर्षीचा राखून ठेवला होता.

कागल ओलांडल्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि गाण्याचा आवाज असा की मागचा हॉर्न ऐकूच येऊ नये. निपाणीला पाट्या कानडी झाल्या तशा पिलारबाई वळल्या आणि वही काढून ती अक्षरं काढायला लागल्या. मी म्हटलं, हे आपलं नव्हे, पुढं परत आपलं येईल. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. वॅलेन्सियातही घराघरात दुसरी भाषा आहे, सईनं सांगितलं होतं.

उत्तूरच्या पुढं हवा बदलते. झाडी वाढते, काजूच्या बागा लागतात, आणि भाताची खाचरं. बहुतेक कापणी झाली होती, पण रस्त्याकडेला एक खाचर उभं होतं. पिलारबाई “पारा, पारा” म्हणाल्या. ‘थांब’ हा अर्थ दत्ताभाऊंना सांगावा लागला नाही. त्या बांधावरून तरातरा चालत गेल्या. ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून तूस उडवलं आणि दाणा दातांखाली धरला. त्यांचे भाऊ भातशेती करतात, हे मला माहीत होतं. त्या स्वतः करत होत्या, हे तो दाणा फोडण्याची रीत बघून कळलं.

“शेतकऱ्याची लेक हाय की ही,” दत्ताभाऊ म्हणाले, आणि तिथून पुढं त्यांचा सूर बदलला. आता त्या पावणं राहिल्या नाहीत, अक्का झाल्या.

मावशी दारातच होती. वय ऐंशीच्या पुढं, नजर शाबूत, आवाज त्याहून शाबूत.

“आलीस व्हय गं? ये की. आन् ही तुझी इहीण? उंच हाय की गं बाई! वाकून ये म्हणावं, चौकट लागंल.”

सांगेपर्यंत चौकट लागली. मावशीनं स्वतःच त्यांचं कपाळ चोळून दिलं. अशी ओळख झाली.

जेवायला आजऱ्याचा भात होता, या वेळी मी वाटेतच फोन करून भात पहिल्यांदा वाढायला सांगितलं होतं. झाकण काढलं तसा वास घरभर झाला. पिलारबाईंनी आधी नुसता भात खाल्ला, वर काही न घेता. मग मावशीकडं बघून म्हणाल्या, “मला भात आवडतो.”

मावशीनं हातातला डाव खाली ठेवला. “बोलती की गं ही! मग मघापास्नं तू मधी कशाला बोलतीस?”

जेवण झाल्यावर मावशीची सून सुमनवहिनी हळदीकुंकवाचं तबक घेऊन आली. सोबत ओटीचं साहित्य: तांदूळ, नारळ, खण. पहिल्यांदा घरी आलेली विहीण, तिची ओटी भरायचीच. शेजारच्या दोघी-तिघी बायकाही बघायला जमल्या होत्या. सुमनवहिनीनं हळूच मला विचारलं, “यांचे मिस्टर?”

“नाहीत,” मी म्हणाले.

तिचा हात तबकावरच थांबला. तिनं मावशीकडं बघितलं. मावशीनं दोन क्षण विचार केला. “ती तिकडची हाय. तिला आपला नेम कुठला लागतोय? लाव, लाव.”

कुंकू लागलं. ओटी भरली. पिलारबाईंनी खण हातावर पसरून बघितला. मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या दृष्टीनं अगदी सरळ होतं. त्यांच्याकडं भेटल्यावर एका गालाला गाल लावला की दुसराही लावायचा असतो. एकतर्फी काही नसतं. त्यांना वाटलं, हेही तसंच. मला लावलं, आता मी लावायचं. त्यांनी सुमनवहिनीच्या हातातल्या तबकातून बोटावर कुंकू घेतलं आणि माझ्याकडं वळल्या.

माझी मान आपोआप मागं गेली. मी ठरवून केलं नाही. नऊ वर्षांत मानेला तेवढं वळण लागलं होतं.

शेजारच्या एकीनं पदर तोंडाला लावला. पिलारबाईंचं लाल बोट मध्येच हवेत राहिलं. आपलं काहीतरी चुकलं हे त्यांना कळलं, काय ते कळेना. त्यांनी हळू आवाजात विचारलं, “नो ते गुस्ता?”

मी तबकाकडं बघत राहिले. स्पॅनिश अडलं नव्हतं. तेवढं मला येत होतं.

शेवटी मावशीच म्हणाली. मावशी स्वतः तीस वर्षं बिनकुंकवाची आहे. “त्या बाईनं हात वर धरून किती वेळ उभं ऱ्हायचं? विचारलंय न्हवं तुला कायतरी? व्हय तर व्हय म्हण, न्हाय तर न्हाय.”

मी मान पुढं केली. पिलारबाईंनी कुंकू लावलं. जरा मोठंच लागलं, नाकापर्यंत सांडलं. मग त्या मावशीकडं वळल्या, कारण त्यांच्या हिशेबानं आता तिचा नंबर.

“मला नगं गं बाई,” मावशीनं त्यांचा हात खाली केला आणि तो हातात धरून ठेवला. “माझ्या कपाळाला आता सवय झाली. हिच्या घरात लगीन हाय.” हे सगळं ती त्यांना मराठीतूनच सांगत होती, आणि पिलारबाई मान हलवत होत्या.

सुमनवहिनीनं मला चहा विचारला. मी साखर कमी सांगितली. रुमाल पर्समध्ये होता. काढला नाही.

परत

सकाळी तांदळाची पोती गाडीत चढली. मावशीनं पिलारबाईंना काजूची पिशवी दिली आणि त्यांनी “मला काजू आवडतात” असं म्हणून दाखवलं. अनेकवचन बरोबर आलं. दत्ताभाऊंनी हॉर्न वाजवून दाद दिली.

उत्तूरच्या अलीकडं चहाला थांबलो. समोर ऊस भरलेला ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा, त्यामुळे घाई करून उपयोग नव्हता. पिलारबाई चहात फुंकर घालत होत्या. गुलाबी सदरा त्यांनी मुद्दाम घातला होता. मी म्हणाले, “पिलार.” बाई लावलं नाही. “ला कोमिदा. नो मे गुस्ता.”

जेवणाचं मला आवडत नाही. वाक्य चुकीचं होतं, कारण जेवण मला आवडतं. मला म्हणायचं होतं ते मांडवाबाहेर राहण्याबद्दल, आणि तेवढे शब्द माझ्याकडं नव्हते. त्यांनी माझ्या कपाळाकडं बघितलं, कप खाली ठेवला आणि जोतिबाच्या कट्ट्यावर केलं होतं तसं हातात हात अडकवून दाखवलं. मी मान हलवली. हो, ते.

तिथंच बाकड्यावर बसून रेखाला फोन लावला. पुढं ढकललं की विचार वाढतात.

“रेखा, कन्यादानाला मी बसणार आहे.”

पलीकडं मिक्सर चालू होता, तो बंद झाला. “काय झालं ओ ताई? कोण काय बोललं का?”

“कोण काही बोललं नाही. सई माझी मुलगी आहे. मी बसणार.”

“पर ताई… मी शालू घेतलाय की ओ.”

“मग नेस की. शालू नेसून जेवणाकडं बघता येतं.”

“भटजी काय म्हणतील?”

“त्यांना मी विचारते. ते नाही म्हणाले तर दुसरे बघते.”

रेखा वाईट बाई नाही. तिनं कधी मला कमी लेखलं नाही. तिला आणि मला दोघींनाही हे बदलता येतं असं सुचलंच नव्हतं. “आन् लोकं काय म्हणतील ओ?”

“जेवण कमी पडलं तर म्हणतील. तेवढं तू बघ.”

“ह्यांना मी सांगू का तुम्ही सांगताय?”

“तू सांग. तुझं ऐकतात.”

“ते बी खरं हाय,” रेखा म्हणाली, आणि मग तिचा आवाज थोडा बदलला. “ताई, मसालेभाताला तांदूळ कुठला धरलाय?”

मी सांगितलं. तिनं विचारलं, किती भिजवायचा. मी सांगितलं. मिक्सर पुन्हा सुरू झाला.

पिलारबाईंना यातलं अक्षर कळलं नव्हतं. तरी फोन ठेवल्यावर त्यांनी माझा कप पुढं सरकवला. तो निवला होता. दत्ताभाऊंनी मात्र प्रत्येक शब्द ऐकला होता आणि ऐकलंच नाही असं दाखवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

ट्रॅक्टर हलला. निपाणी गेली, कागल गेलं. कोल्हापुरात शिरल्यावर चौकात गाडी माझ्या घराकडं वळायची, तिथं दत्ताभाऊंनी वेग कमी केला आणि आरशातून माझ्याकडं बघितलं.

“वहिनी, ह्यो तांदूळ आता कुणाच्या दारात उतरायचा?”

“रेखाच्या,” मी म्हणाले. त्यांनी गाडी सरळ घेतली.